लेथला ‘ऑटो’ नको



मागच्या महिन्यात पुलीला बुश बसवतानाचा फोटो टाकला होता. तेव्हापासून रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतोय. लेथ कितीला पडला, कुठनं घेतला, आम्ही घ्यावा का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. जरा लांबणार आहे. पण या बाबतीत अर्धवट सांगितलेलं धोक्याचं असतं. माझ्या घरात ते जवळजवळ जिवावर बेतलं होतं, म्हणून पूर्ण लिहितोय.

आधी लेथ घेतलाच का, ते सांगतो.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस विसरलेला द्राक्षवाला सापडायचा नाही. आमची दोन एकर बाग फळछाटणी होऊन दोडा अवस्थेत होती. रोज पाऊस, पानं वाळतच नव्हती. डाऊनीला यापेक्षा चांगलं हवामान कुठलं? अशा वेळी दोन पावसांच्या मधे दोन-चार तासांची उघडीप मिळाली की तेवढ्यात फवारणी उरकायची असते. आणि नेमकी त्याच वेळी एचटीपी पंपाची पुली शाफ्टवर खुळखुळायला लागली. चावी चाटली होती, पुलीचं भोक अंड्यासारखं झालं होतं.

पुली घेऊन तालुक्याला गेलो. लेथवाल्याच्या दारात माझ्यासारखे अकरा जण उभे. सगळ्यांचाच सीझन, सगळ्यांचंच अर्जंट. त्याची काही चूक नव्हती, तो रात्री बारापर्यंत मशीनवर उभा होता. माझा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. शेजाऱ्याचा पंप मागितला, पण त्याचीच बाग फवारायची राहिली होती, तो तरी कसा देणार? पाठीवरच्या पंपानं जमेल तेवढं मारलं. पाचव्या दिवशी पानांवर तेलकट डाग, आणि त्यानंतर घडांवर पांढरी बुरशी. एका एकरातला जवळपास निम्मा माल गेला. ते सगळं त्या तीन दिवसांमुळंच झालं असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी वेळेवर फवारणाऱ्यांच्या बागाही गेल्या. पण ते तीन दिवस माझ्या डोक्यातनं गेले नाहीत. काम किती तासाचं होतं? दीड तासाचं.

तेव्हाच ठरवलं, बारका का होईना, घरी लेथ पाहिजे.

जुना लेथ बघताना

दीड वर्षानं एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधला तीन फुटी बेडचा जुना लेथ मिळाला. पट्ट्यावर चालणारा, पायरीच्या पुलीचा, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. सोबत तीन जबड्यांचा ट्रू चक, चार जबड्यांचा डॉग चक आणि पोतंभर टूल. बावन्न हजाराला ठरला.

घ्यायला जाताना तालुक्याचे तेच लेथवाले मिस्त्री सोबत आले. त्यांनी बघितलं ते तुम्हीही बघा. रंग बघू नका, जुन्या मशीनला नवा रंग सगळेच मारतात.

पहिलं म्हणजे बेडची झीज. लेथचं बहुतेक काम चकच्या जवळ होतं, त्यामुळं बेड तिथंच जास्त झिजतो. कॅरेज चकजवळ आणून तिथं हलकी सरकेल इतपत गिब आवळायची आणि मग कॅरेज टेलस्टॉककडं न्यायची. तिकडं जाऊन ती गच्च अडकली तर बेड चकजवळ खाल्लेला आहे.

दुसरं, स्पिंडलचं बेअरिंग. चकमधे जाड रॉड पकडून वर-खाली उचलायचा आणि चकवर डायल लावून किती हलतं ते बघायचं. तिसरं, आटे पाडायचे बदली गिअर सगळे आहेत का ते मोजायचं. एखादा कमी असला तर पुढं शोधत बसावं लागतं. चौथं, विकणाऱ्यासमोर एक कट मारून बघायचा. मशीन चालू करून दाखवत नसेल तर परत यायचं.

लेथ ट्रॉलीतनं घरी आला. घरात विचारलं गेलं, “हे आता भाकरी देणार आहे का?” मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर पुढचे दोन महिने त्यानं एकही पार्ट दिला नाही. त्या काळात मी तीन चुका केल्या. एक मातीची, एक विजेची, एक माणसाची.

मातीची चूक

आमचं शेड काळ्या रानाच्या कडेला आहे. मुरूम टाकून वर चार इंच काँक्रीट. सहा इंची चॅनेलचं स्टँड वेल्डिंग करून घेतलं, चार पाय, चारही जमिनीत बोल्टनं आवळले. वर लेथ ठेवला आणि तोही गच्च आवळला. साधी पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्यावर. मला वाटलं झालं काम.

मिस्त्री आले, बघितलं आणि म्हणाले, “लेव्हल दिसतीय चांगली. आता जॉब काय म्हणतोय ते बघू.”

त्यांनी केलेली चाचणी प्रत्येकानं करावी. पैसे लागत नाहीत. दीड इंची जाड बार चकमधे पकडला, वीतभर बाहेर ठेवला, टेलस्टॉकचा आधार दिला नाही. बारचा मधला भाग थोडा खोल काढून चकजवळ एक आणि टोकाला एक अशा दोन कड्या ठेवल्या, दोन्हींत १५० मिमी अंतर. मग टूल अजिबात न हलवता एकाच सेटिंगवर दोन्ही कड्यांवरनं अगदी हलका कट घेतला. कट जड घेतला तर बार वाकतो आणि माप फसवतं. मायक्रोमीटर लावला. टोकाची कडी चकजवळच्या कडीपेक्षा ०.०९ मिमी जाड.

म्हणजे बेडला पीळ होता. वेल्डिंगनं स्टँड थोडं वाकडं झालेलं, त्यावर मी बेड आवळून त्यालाही तसंच वाकडं केलं. बिडाचा बेड दगडासारखा दिसतो, पण बोल्टनं ओढला की तो पिळतो.

उपाय असा: चारही बोल्ट सैल करायचे. प्रत्येक पायाखाली फटीत फीलर गेज घालून बघायचं, जिथं फट असेल तिथं तेवढी पितळी पत्री भरायची, आणि मगच आवळायचं. त्यानंतर दोन कड्यांची चाचणी पुन्हा. टोकाची कडी जाड येत असेल तर टेलस्टॉककडचा आपल्या बाजूचा पाय पत्री घालून किंचित उचलायचा. त्यानं टूल जॉबच्या दिशेला झुकतं. टोकाची कडी बारीक येत असेल तर पलीकडचा पाय उचलायचा. चार संध्याकाळी गेल्या, पण फरक ०.०१ वर आला. मी खूश.

जुलैत पुन्हा मोजलं तर ०.०५!

मी डोकं धरून बसलो. मशीनला तर हात लावला नव्हता. मग एका संध्याकाळी शेडच्या कोपऱ्यातली भिंतीची चीर बघितली. उन्हाळ्यात बोट जाईल एवढी होती, आता मिटली होती. तेव्हा ट्यूब पेटली. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. द्राक्षाचे अँगल तिरके होतात, विहिरीचं बांधकाम चिरतं. मग चार इंचाची फरशी कशी गप्प बसेल? फरशी हलली, तिच्यात आवळलेले चार पाय हलले, आणि पायांनी बेडला पिळलं.

यावर उत्तर आपल्या घरातच होतं. चुलीला दगड तीनच का? जमीन कशीही असली तरी तीन दगडांवर भांडं डुगडुगत नाही. चौथा आला की कुठला तरी एक अधांतरी राहतो.

मग स्टँड बदललं. खाली चॅनेलची पेटीसारखी भक्कम फ्रेम केली, आडवे-तिरके आधार देऊन, म्हणजे ती स्वतः पिळणार नाही. लेथ त्या फ्रेमवर चार ठिकाणी पत्र्या भरून आवळला. पण फ्रेम जमिनीवर फक्त तीन ठिकाणी टेकवली. हेडस्टॉकखाली दोन, टेलस्टॉकच्या बाजूला मधोमध एक. जमीन वर-खाली झाली तर सगळा सांगाडा एकत्र कलेल, पण पीळ बसणार नाही. लेथ थोडा कललेला असला तरी चालतो, पिळलेला चालत नाही. एक काळजी मात्र घ्या. तीन पायांवर जड वस्तू कडेला झुकू शकते. म्हणून टेलस्टॉकच्या बाजूला दोन्ही कडांना आधाराचे बोल्ट दिलेत, जमिनीपासून २ मिमी वर. रोज ते टेकत नाहीत, पण मशीन कललं तर धरतात.

आता दोन पावसाळे झाले. फरक ०.०२ च्या वर गेलेला नाही. तरी मृगात एकदा आणि एप्रिल छाटणीच्या वेळी एकदा मोजतोच.

विजेची चूक

लेथला जुनी एक एचपीची थ्री फेज मोटार होती. आपल्याकडं शेतीच्या लाइनला थ्री फेज असते, पण ती पाळीनं, कधी दिवसा कधी रात्री. शिवाय शेतीपंपाच्या मीटरवर वर्कशॉपचं मशीन चालवणं नियमात बसत नाही. घरात सिंगल फेज. म्हणून व्हीएफडी घेतला, आपण त्याला ड्राइव्ह म्हणतो. सिंगल फेज आत जाते, थ्री फेज बाहेर येते, आणि बटण फिरवून वेग कमी-जास्त करता येतो.

इथं एक गोष्ट नीट वाचा. सिंगल फेज २३० व्होल्टच्या ड्राइव्हमधनं थ्री फेज येते तीही २३० व्होल्टचीच, ४१५ ची नाही. आपल्याकडच्या लहान मोटारी बहुतेक ४१५ व्होल्टला स्टारमधे जोडलेल्या असतात. त्या तशाच जोडल्या तर मोटार फिरते, पण जोर लागत नाही आणि कट घेतला की थांबते. मोटारीच्या टर्मिनल बॉक्समधे सहा वायरी बाहेर काढलेल्या असतील तर पट्ट्या बदलून डेल्टा करायचं. आधी नावपट्टी वाचायची. तिथं दोन्ही व्होल्टेज लिहिलेले असले तर प्रश्न मिटला. तीनच वायरी बाहेर असतील तर रिवायंडिंगवाल्याकडं जा, स्वतः उघडू नका.

आणखी तीन गोष्टी. ड्राइव्ह आणि मोटार यांच्या मधे स्विच बसवू नका, चालू-बंद ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवरनंच करायचं. मधला स्विच चालू लोडवर उघडला तर ड्राइव्ह जळू शकतो. दुसरं, बटणानं वेग फार खाली आणून जड कट घेऊ नका. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, तो हळू फिरला की मोटार तापते. कमी वेग आणि जास्त जोर पाहिजे तर पट्टा खालच्या पायरीवर घ्या. तिसरं, ड्राइव्ह बंद पेटीत आणि मशीनपासून लांब ठेवा. लोखंडाचा बारीक बुरा आत गेला तर शॉर्ट होतो. अर्थिंग तर पाहिजेच पाहिजे.

माझी चूक यातली नव्हती. मी उत्साहात ड्राइव्हला थांबायचा वेळ एक सेकंद दिला. बटण दाबलं की चक लगेच उभा राहावा म्हणून. माझ्या लेथचा चक स्पिंडलच्या आट्यावर बसतो. स्पिंडल एकदम थांबला, जड चक मात्र त्याच्या जोरात पुढं फिरत राहिला आणि सुटायला लागला. अर्धा आटा सुटला तेवढ्यात मी बघितलं. बारा किलोचा चक पायावर पडला असता, नाहीतर अंगावर आला असता. आता वेळ सहा सेकंद ठेवलाय, आणि उलटं फिरवायचं बटण ड्राइव्हमधनंच बंद करून टाकलंय. आट्यावरचा चक उलट्या फिरतीत सुटू शकतो.

माणसाची चूक

हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

आपल्याकडं प्रत्येक विहिरीवर, प्रत्येक बोअरवर स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाइट कधी येईल सांगता येत नाही. रात्री दोनला आली तर उठून कोण जाणार? म्हणून लाइट आली की मोटार आपोआप चालू. आपल्या हातांना, डोक्याला तीच सवय. लाइट गेली की आपण स्विच बंद करायला जात नाही. उलट तो चालूच पाहिजे असतो.

मी लेथच्या ड्राइव्हलाही साधा चालू-बंद खटका लावला होता. फेब्रुवारीतली दुपार. मी एका पिनला टर्निंग करत होतो. लाइट गेली. चक हळूहळू थांबला. मी खटका तसाच ठेवून ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला बागेत गेलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शेडमधे आले. वय बहात्तर. त्यांना पसारा चालत नाही. लेथवर बुरा पडलेला दिसला, ब्रश घेतला आणि झाडायला लागले. खांद्यावर नेहमीचा टॉवेल. चकच्या वर वाकले आणि लाइट आली.

ड्राइव्हचा दिवा लागला, दोन-तीन सेकंद गेले आणि चक फिरायला लागला. टॉवेलचं टोक जबड्यात गेलं आणि सगळा टॉवेल ओढला गेला. टॉवेल नुसता खांद्यावर टाकलेला होता म्हणून निघून गेला. थंडीत ते तोच टॉवेल गळ्याभोवती गुंडाळतात. त्या दिवशी ऊन होतं.

मी ओरडणं ऐकून पळत आलो, तेव्हा ते युरियाच्या पोत्यावर बसले होते. चकला टॉवेल गुंडाळून गरगरत होता. मी मेन स्विच पाडला. हात-पाय बघितले, खरचटलंसुद्धा नव्हतं. पाणी दिलं. बऱ्याच वेळानं म्हणाले, “आरं, मशीन बंद हुतं की.”

“बंद नव्हतं अण्णा. लाइट गेली होती.”

एवढंच बोललो. पुढं मला बोलता आलं नाही. बंद असणं आणि लाइट गेलेली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळायला पाहिजे होतं का? नाही. ते कळण्याची जबाबदारी मशीन बसवणाऱ्याची, म्हणजे माझी होती.

दुसऱ्या दिवसापासून तीन आठवडे लेथ बंद ठेवला. आधी ही कामं केली, तुम्ही लेथ आणण्याआधी करा.

खटका काढून टाकला. हिरवं आणि लाल अशी दोन दाबायची बटणं लावली. ड्राइव्हच्या पुस्तकात याला थ्री वायर कंट्रोल म्हणतात. हिरवं दाबलं तरच चालू. लाइट गेली की ते सुटतं. लाइट परत आली तरी पुन्हा हिरवं दाबल्याशिवाय चक हलत नाही. पुस्तकात शोधलं तर लाइट आल्यावर आपोआप चालू होऊ नये यासाठी वेगळं सेटिंगही सापडलं, तेही लावलं.

हाताशी आणि गुडघ्याजवळ अशी दोन ठिकाणी लाल छत्रीची इमर्जन्सी बटणं लावली. हात अडकला तर पाय मोकळा असतो.

ड्राइव्ह न घेता मोटार थेट चालवणार असाल तर साधा डीओएल स्टार्टर लावा. त्याची कॉइल लाइट गेली की सुटते, हीच त्याची मोठी सोय आहे. विहिरीवर आपण ऑटो बसवून तीच सोय मोडतो. पाण्यासाठी ते ठीक, पण लेथला, कडबाकुट्टीला, पिठाच्या गिरणीला, जिथं माणसाचा हात जातो अशा कुठल्याही यंत्राला ऑटो लावू नका. आज संध्याकाळी आपापली कडबाकुट्टी जाऊन बघा.

महिन्यातनं एकदा मी चाचणी घेतो. चकमधे काही नाही, चावी काढलेली, लांब उभा राहतो. लेथ चालू करून मेन पाडतो, मग पुन्हा चढवतो. चक हलला नाही पाहिजे.

शेडच्या दारावर खडूनं लिहिलंय: पूर्ण बाह्या नकोत, हातमोजे नकोत, टॉवेल-ओढणी नको, अंगठी-कडं नको, चष्मा पाहिजे. बुरा हातानं ओढायचा नाही, आकड्यानं ओढायचा, तोही मशीन थांबवून. चकच्या चावीला स्प्रिंग बसवलीय, हात सोडला की ती चकमधनं बाहेर पडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मशीनपासून दहा पावलं लांब जायचं असेल तर मेन पाडायचा. मी आता लाइट गेली तरी आधी मेन पाडतो.

काय करतो, काय करत नाही

मिस्त्रींकडं महिनाभर रविवारी जाऊन शिकलो. मला वाटलं होतं त्यांना राग येईल. ते म्हणाले, “बारकी कामं तूच कर, माझ्या दारातली गर्दी तेवढीच कमी.”

नवशिक्यांसाठी त्यांच्याकडनं मिळालेल्या दोन-तीन गोष्टी. टूलचं टोक सेंटरच्या उंचीला पाहिजे. तपासायला टोक आणि गोल जॉब यांच्या मधे स्टीलची पातळ पट्टी हलकी दाबायची. पट्टी सरळ उभी राहिली तर बरोबर. वरचं टोक आपल्याकडं झुकलं तर टूल खाली आहे, जॉबकडं झुकलं तर वर आहे. टूलखाली भरायला हॅक्सॉची जुनी ब्लेडं तोडून ठेवलीत.

जुन्या स्क्रूला प्ले असतोच. माझ्या क्रॉस स्लाइडचं हँडल जवळपास पाव फेरा मोकळं फिरतं. घाबरायचं कारण नाही. माप नेहमी एकाच दिशेनं गाठायचं. पुढं गेलं तर चांगलं अर्धा फेरा मागं घ्यायचं आणि पुन्हा पुढं यायचं.

वेग: साध्या लोखंडाला एचएसएस टूलनं मिनिटाला २५ ते ३० मीटर कापणीचा वेग धरला तर २५ मिमी जाडीच्या बारला साडेतीनशेच्या आसपास फेरे येतात. जाडी दुप्पट झाली की फेरे निम्मे.

घरी करतो ती कामं: पुलीला बुश, पिना, वॉशर, स्पेसर, फणाच्या आणि पेरणी यंत्राच्या चाकांचे नायलॉन किंवा गनमेटलचे बुश, बेअरिंग बसवायची कडी.

करत नाही ती कामं: पीटीओ शाफ्ट, ट्रॅक्टरच्या ब्रेक-स्टिअरिंगचं काहीही, एचटीपीच्या दाबाच्या बाजूचे पार्ट, कडबाकुट्टीचं पात्याचं चाक. जे तुटलं तर माणसाला लागेल ते तयार विकत घ्यायचं, नाहीतर जाणत्या माणसाकडं द्यायचं. पन्नास रुपये वाचवायला इथं जागा नाही.

हिशेब

लेथ ५२,०००. ट्रॉली आणि चढवणं-उतरवणं ४,०००. स्टँड दोनदा केलं, मिळून ९,०००. ड्राइव्ह, पेटी, बटणं, वायरिंग ११,५००. टूल, व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रिल चक १२,५००. एकूण ८९,०००.

माझं लेथवाल्याचं बिल वर्षाला आठ-दहा हजार व्हायचं. म्हणजे नुसत्या मजुरीच्या बचतीवर हे पैसे लवकर निघत नाहीत. कुणी तुम्हाला दोन वर्षांत वसूल होतो म्हणून सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दोन एकरवाल्या एकट्या शेतकऱ्यानं कर्ज काढून तर घेऊच नये. चार-पाच जणांनी मिळून, एका जागी, एकाच शिकलेल्या माणसाच्या हाताखाली ठेवला तर विचार करा. आमचा भाग लक्ष्मणराव किर्लोस्करांचा. त्यांनी १९१० मध्ये इथल्या माळावर कारखाना उभा करून लोखंडी नांगर केले. शेती आणि लेथ यांचं नातं आम्हाला नवीन नाही. पण कारखान्यात लेथवर शिकलेला माणूस उभा असतो. घरात लेथजवळ कोण येईल सांगता येत नाही.

मग घेतला ते चुकलं का? गेल्या ऑक्टोबरात शनिवारी संध्याकाळी तीच पुली पुन्हा खुळखुळली. आभाळ भरलेलं. रात्री जेवण करून शेडमधे गेलो. भोक गोल होईपर्यंत बोअरिंग केलं, लोखंडी बुश टर्न करून दाबून बसवला, सांध्यावर ग्रब स्क्रू मारला. बुश शाफ्टच्या मापाला केला. चावीचा गाळा लेथवरच पाडला. मशीन बंद करून, स्पिंडल अडकवून, टूल आडवं बांधून कॅरेज हातानं पुढं-मागं. पन्नासेक फेऱ्या झाल्या असतील. अडीच तास लागले. मिस्त्रींनी दीड तासात केलं असतं. सकाळी सातला फवारणी सुरू केली, दहाला पाऊस आला, तोवर बाग झाली होती.

अण्णा शेडमधे येऊन बसले होते, दारातल्या खुर्चीवर. चकपासून लांब. टॉवेल घरी ठेवून आले होते. काम झाल्यावर मी हात पुसत बाहेर निघालो तर त्यांनी विचारलं, “मेन पाडला का?”

पाडला होता. तरी मागं जाऊन बघून आलो.

तर मंडळी, लेथ घेणार असाल तर आधी या तीन गोष्टींची तयारी करा, पैशाचं नंतर. पितळी पत्र्या कुठल्या जाडीच्या भरल्या ते आणि तीन पायांच्या फ्रेमचं माप पुढच्या नोंदीत देतो. तोवर कडबाकुट्टीचा स्टार्टर तेवढा बघून घ्या.

राम राम.